ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमचा टेस्टर व्हायचंय, नाशिकमध्ये बसून सुरुवात कशी करू?

प्रश्न: मी नाशिकला बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सातपूरला राहतो. वर्षभर उबंटू लिनक्स वापरतोय. ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमसाठी स्वयंसेवक टेस्टर म्हणून काम करायची इच्छा आहे. पण प्रोग्रॅमिंग जेमतेम येतं, ८ जीबी रॅमचा एकच लॅपटॉप आहे आणि इंग्रजी कच्चं आहे. कुठला प्रोजेक्ट धरू, नेमकं काय करू, आणि पुढे नोकरीसाठी याचा काही उपयोग होतो का?

उत्तर: प्रोग्रॅमिंग जेमतेम येतं ही या कामात अडचण नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी बरीच वर्षं हे काम करतोय. जे टेस्टर खरोखर उपयोगी पडताना पाहिले, त्यांच्यात कोड लिहिणारे कमीच होते. काहीतरी बिनसलंय हे त्यांच्या चटकन लक्षात यायचं, आणि ते असं लिहून ठेवायचे की जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या अनोळखी माणसाला स्वतःच्या मशीनवर तेच घडवून आणता यावं. यातली दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे, म्हणून तिच्याबद्दल जास्त बोलणार आहे.

लक्षात येणं म्हणजे काय, त्याचं अलीकडचं उत्तम उदाहरण मार्च २०२४ मधलं. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचे डेव्हलपर आंद्रेस फ्रॉइंड डेबियन या लिनक्स सिस्टीमच्या अनस्टेबल, म्हणजे अजून चाचणीत असलेल्या, शाखेवर कसलीशी मोजमापं घेत होते. एसएसएचच्या (दूरच्या संगणकात लॉगिन करण्याच्या सोयीच्या) प्रोसेस उगाचच जास्त सीपीयू खाताहेत आणि लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, असं त्यांना दिसलं. अर्ध्या सेकंदाकडे कोणीही काणाडोळा केला असता. त्यांनी पिच्छा पुरवला, आणि एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा सापडला. २९ मार्चला त्यांनी तो जाहीर केला. तोवर ते पॅकेज डेबियनच्या स्टेबल आवृत्तीत पोचलंच नव्हतं, आणि उबंटू २४.०४ ची बीटा (अंतिम आवृत्तीआधीची चाचणीची आवृत्ती) एक आठवडा पुढे ढकलून तो कोड आल्यानंतर बांधलेली सगळी पॅकेजं नव्याने बांधली गेली. फ्रॉइंड मुरलेले प्रोग्रॅमर आहेत, तितकं खोलात जाण्याची अपेक्षा तुझ्याकडून कोणी करणार नाही. पण ‘आज हे रोजच्यापेक्षा हळू का चाललंय?’ असं मनात यायला प्रोग्रॅमर असावं लागत नाही. आणि जी आवृत्ती अजून सगळ्यांच्या हातात गेलेली नाही ती कोणीतरी रोज वापरत होतं, म्हणूनच हे वेळेत सापडलं, हे विसरू नकोस.

आता मशीनचं बघू. कॉलेजचं सगळं ज्या लॅपटॉपवर आहे, त्यावर थेट टेस्टिंगची आवृत्ती टाकू नकोस. सुरुवात व्हर्च्युअल मशीनपासून कर, म्हणजे लॅपटॉपच्या आतच सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. व्हर्च्युअलबॉक्स चालेल. उबंटूवर आहेस तर व्हर्ट-मॅनेजर किंवा ग्नोम बॉक्सेस जास्त बरं. ८ जीबीतले ४ जीबी पाहुण्या सिस्टीमला दे, दोन कोअर आणि २५-३० जीबी डिस्क. इन्स्टॉलर, अपग्रेड, नवे ॲप, भाषा, कीबोर्ड, अपडेटनंतर काय मोडतं, एवढं सगळं यात तपासता येतं. प्रत्येक प्रयोगाआधी स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जतन केलेली स्थिती, घेतलास की दोन मिनिटांत मागे येता येतं.

व्हर्च्युअल मशीनमध्ये काय कळत नाही, तेही सांगतो. वायफाय, आवाज, ब्लूटूथ, टचपॅड, कॅमेरा, झाकण बंद करून झोपवणं आणि उठवणं. आणि नेमक्या याच जागी सर्वसामान्य माणसाचा लिनक्सवरचा विश्वास उडतो. त्यामुळे महिना-दोन महिन्यांनी हे काम आवडतंय असं वाटलं, तर आठ-दहा वर्षं जुना सेकंडहँड लॅपटॉप घे आणि त्याला साधी एसएसडी लाव. तोवर पेनड्राइव्हवरून लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघ. इन्स्टॉलचं बटण दाबलं नाहीस तर आतल्या डिस्कला हात लागत नाही.

पेनड्राइव्हबाबत दोन सूचना. डाउनलोड झालेल्या इमेजचा (सिस्टीम इन्स्टॉल करायच्या फाइलचा) शा-२५६ चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला तपासणीचा आकडा, जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नकोस, नाहीतर अर्धवट उतरलेल्या फाइलचा दोष तू इन्स्टॉलरच्या माथी मारशील. दुसरं, बरेच जण एकाच पेनड्राइव्हवर चार इमेज ठेवायला व्हेन्टॉय वापरतात. वापरायला ते छान आहे, पण बूट होत नाही असा रिपोर्ट द्यायच्या आधी तीच इमेज पेनड्राइव्हवर थेट लिहून पुन्हा बघ. नाहीतर डेव्हलपर पहिलं हेच करायला सांगेल. डेटा मर्यादित असेल तर लक्षात घे, उबंटू डेस्कटॉपची इमेज आता ५-६ जीबीच्या घरात आहे आणि डेबियनची नेटइन्स्ट (बाकीचं इंटरनेटवरून उतरवणारी छोटी इमेज) १ जीबीच्या आत. उबंटूच्या रोजच्या इमेजसाठी झेडसिंक वापर, म्हणजे कालच्या फाइलमध्ये जेवढं बदललं तेवढंच उतरतं.

प्रोजेक्ट कुठला, यावर माझं मत स्पष्ट आहे. एकच धर, आणि एक संपूर्ण आवृत्ती येईपर्यंत त्याच्याशीच राहा. पाच ठिकाणी खाती उघडून पाचही अर्धवट सोडणारे मी खूप पाहिलेत.

तू उबंटू वापरतोसच, तेव्हा त्याच्याच एखाद्या उपप्रकारापासून सुरुवात कर, लुबंटू किंवा झुबंटू. एक तर ते तुझ्या मशीनला झेपतात, आणि त्यांच्यामागची माणसं मोजकी असल्याने नव्या टेस्टरची तिथे लगेच दखल घेतली जाते. उबंटूची आवृत्ती दर एप्रिल आणि ऑक्टोबरला येते. त्याआधी इमेज तपासणीची यादी खुली असते: संपूर्ण डिस्कवर इन्स्टॉल, दुसऱ्या सिस्टीमच्या शेजारी इन्स्टॉल, लाइव्ह सेशन, आणि प्रत्येकासाठी लिहून दिलेल्या पायऱ्या. लाँचपॅड या उबंटूच्या बग-नोंदीच्या संकेतस्थळावर खातं काढायचं, पायऱ्या जशाच्या तशा करायच्या, निकाल नोंदवायचा. ‘पास’ हाही निकाल आहे. नवीन मुलांना वाटतं की बग सापडला तरच काम झालं. तसं नाही. ‘या मॉडेलच्या लॅपटॉपवर इन्स्टॉल नीट झालं’ ही नोंद नसेल, तर आवृत्ती बाहेर काढायची की थांबायचं हे ठरवणाऱ्यांना अंधारात चाचपडावं लागतं.

एक व्यावहारिक गोष्ट. एप्रिल आणि ऑक्टोबर हे दोन्ही महिने तुझ्या सेमिस्टर परीक्षांच्या तोंडावर येतात. तेव्हा जागरणं करू नकोस. जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारीत रोजच्या इमेज तपास. तेव्हा सापडलेला बग दुरुस्त व्हायला वेळ असतो. बीटानंतर बदलांवरची बंधनं आणखी कडक होतात, आणि किरकोळ वाटणारी दुरुस्ती पुढच्या आवृत्तीवर ढकलली जाते.

फेडोरा या दुसऱ्या लिनक्स सिस्टीमची व्यवस्था मला सगळ्यात शिस्तशीर वाटते. अपडेट सगळ्यांकडे जाण्याआधी चाचणीच्या भांडारात येतं आणि बोधी नावाच्या ठिकाणी लोक त्याला अधिक किंवा उणे मत देतात. पुरेशी अधिक मतं मिळाली की ते पुढे सरकतं. शिवाय ‘टेस्ट डे’ असतात, कधी नव्या कर्नलचा (सिस्टीमच्या गाभ्याचा), कधी ग्नोम या डेस्कटॉपचा, कधी वेगवेगळ्या भाषांचा. काय करायचं ते पायरीपायरीने लिहिलेलं असतं, त्यामुळे नवख्यालाही हरवल्यासारखं होत नाही. आवृत्ती बाहेर काढण्याचे निकष लेखी आहेत. निकष मोडणारा बग ‘हा अडवणारा बग आहे’ म्हणून कोणीही सुचवू शकतो, आणि अशा बगमुळे आवृत्त्या पुढे ढकलल्या गेल्या आहेत. बैठका मात्र आपल्याकडे रात्री होतात.

डेबियनमध्ये सगळं ईमेलवर चालतं. रिपोर्टबग हे साधन प्रश्न विचारत विचारत पत्र तयार करून देतं. तुझा ईमेल पत्ता तिथे कायमचा जाहीर राहतो, म्हणून या कामासाठी वेगळा पत्ता काढ. अनस्टेबलमधलं पॅकेज काही दिवस थांबून, गंभीर बग आला नाही तर टेस्टिंग या पुढच्या शाखेत उतरतं. म्हणजे त्या काही दिवसांत आलेल्या रिपोर्टला खरंच वजन असतं. फ्रीबीएसडी, हायकू, रिॲक्टओएस या लिनक्सवर न बेतलेल्या ओपन सोर्स सिस्टीमनाही टेस्टर हवे असतात, पण त्यांच्याकडे दुसऱ्या वर्षी जा.

आता रिपोर्ट. समज, लॅपटॉपचं झाकण मिटून उघडलं की वायफाय नाहीसं होतं. ‘वायफाय चालत नाही, कृपया लवकर दुरुस्त करा’ असं लिहिलंस तर ती नोंद वर्षभर तशीच पडून राहील. कारण ती वाचणाऱ्याच्या मशीनवर वायफाय चालतंय, आणि पुढे काय करावं हे त्याला कळायला मार्ग नाही. त्याऐवजी आधी स्वतःला प्रश्न विचार. दर वेळी होतं की कधीतरी? झाकण न मिटता मेनूतून झोपवलं तरी होतं का? चार्जर लावलेला असताना होतं का? ब्लूटूथ जिवंत राहतं का? कार्डच दिसेनासं होतं, की कार्ड दिसतं पण नेटवर्क सापडत नाही?

आणि सगळ्यात मोलाचा प्रश्न: हे आधी चालत होतं का? उबंटूत जुनं कर्नल लगेच पुसलं जात नाही. बूट होताना ग्रब या सुरुवातीच्या मेनूत प्रगत पर्यायांत जाऊन आधीचं कर्नल निवड आणि तोच प्रयोग कर. जुन्यावर वायफाय परत येतं आणि नव्यावर येत नाही, हे तू दाखवलंस की तुझा रिपोर्ट एकदम वरच्या रांगेत जातो. लिनक्स कर्नलमध्ये जे आधी चालत होतं ते नव्या आवृत्तीत मोडता कामा नये, हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा जाहीर आणि कडक नियम आहे. पुढे कधी धीर झाला तर गिट बायसेक्ट हे बिघाड कुठल्या बदलाने आला ते शोधणारं साधन शिक. चांगली आणि बिघडलेली आवृत्ती सांगितली की ते मधोमध थांबून तपासायला लावतं, दर फेरीत निम्मे बदल वगळले जातात. १०,००० बदल असले तरी साधारण १४ फेऱ्यांत नेमक्या बदलावर बोट ठेवता येतं. यात कोड समजावा लागत नाही. कर्नल बांधायचं, बूट करायचं, चांगलं की वाईट ते सांगायचं. चिकाटी लागते, तेवढीच.

मग रिपोर्ट असा उतरतो. शीर्षक: ‘झोपेतून उठल्यावर वायफाय कार्ड दिसेनासं होतं, आधीच्या कर्नलवर ही अडचण नाही’. खाली लॅपटॉपचं मॉडेल, दोन्ही कर्नलचे पूर्ण क्रमांक, एलएसपीसीआय ही आज्ञा दाखवते तो कार्डाचा ओळख क्रमांक. मग पायऱ्या: बूट केलं, वायफाय जोडलं, झाकण मिटलं, मिनिटभर थांबलो, उघडलं. मग अपेक्षित काय होतं आणि झालं काय, प्रत्येकी एका ओळीत. पाच वेळा केलं, पाचही वेळा झालं. शेवटी लॉग, म्हणजे सिस्टीमने स्वतः ठेवलेल्या नोंदी. जर्नलसीटीएल या आज्ञेने चालू बूटच्या नोंदी मिळतात. मशीन गोठून बंद करावं लागलं असेल तर मागच्या बूटच्या नोंदीही तीच आज्ञा देते. उबंटूवर ‘उबंटू-बग’ ही आज्ञा पॅकेजच्या नावासकट दिलीस तर बरीचशी माहिती आपोआप जोडली जाते. पाठवण्याआधी लॉग एकदा डोळ्यांखालून घाल. त्यात तुझं युजरनेम, घरच्या वायफायचं नाव, सीरियल नंबर असं बरंच काही असतं.

तुझ्या इंग्रजीच्या काळजीचं उत्तरही यातच आहे. वरचा रिपोर्ट चार-पाच शब्दांच्या वाक्यांत होतो. ‘मी हे केलं. हे झालं. हे व्हायला हवं होतं.’ लांब परिच्छेद लिहिणाऱ्यांपेक्षा असा रिपोर्ट डेव्हलपरला जास्त आवडतो, त्यांच्यातल्या अनेकांचीही मातृभाषा इंग्रजी नसते. एका रिपोर्टमध्ये एकच बग, एवढं पाळ.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटणारा भाग. तुझ्याकडे असं काही आहे जे बर्लिन किंवा बोस्टनमध्ये बसलेल्या डेव्हलपरकडे नाही. पहिली गोष्ट मराठी. सिस्टीमची भाषा मराठी ठेवून इन्स्टॉल कर. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत आहे, फक्त त्याचं ग्राफिकल रूप निवडावं लागतं. मग ही ओळ टाइप कर: ‘सुऱ्या, कुऱ्हाडी आणि ॲल्युमिनियमची भांडी, एकूण ₹१,२५,०००’. आपल्या भांडी बाजारातल्या बिलावर सहज शोभेल अशी ओळ, पण तिच्यात बरंच काही तपासून होतं. ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’मधला आडवा रफार नीट दिसतो, की पाय मोडलेला र आणि सुटा य दिसतो? ‘ॲ’ हे अक्षर युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संकेतावलीत २००८ साली आलं, सगळे कीबोर्ड आराखडे ते देतात का? रुपयाचं चिन्ह चौकोन होऊन येतं का? आकडे लाखाच्या हिशोबाने तुटतात का? हीच ओळ टर्मिनलमध्ये, फाइलच्या नावात, लिब्रऑफिसमध्ये, पीडीएफ करून आणि त्या पीडीएफमधून परत कॉपी करून बघ. बॅकस्पेस एकदा दाबल्यावर किती जातं ते बघ. काही फॉन्टमध्ये भाषा मराठी ठरवली की ल आणि श आपल्या वळणाचे होतात आणि हिंदी ठरवली की वेगळे, तेही तपास.

पासवर्डची तपासणी तर हमखास कर. मराठी कीबोर्ड निवडून इन्स्टॉल केल्यावर लॉगिनच्या पडद्यावर आणि डिस्कचं कुलूप उघडताना रोमन अक्षरं टाइप करता येतात का? येत नसतील तर मराठी निवडणारा माणूस स्वतःच्याच मशीनबाहेर अडकतो. अक्षर फाटलेलं दिसलं तर स्क्रीनशॉट जोड आणि शेजारी योग्य रूपाचं चित्र दे. ज्याला देवनागरी वाचता येत नाही त्याला दोन चित्रांतला फरक मात्र दिसतो.

दुसरी गोष्ट आपल्या आसपासची यंत्रं. सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यांत, पिंपळगाव-लासलगावकडच्या व्यापाऱ्यांच्या गाळ्यात अजून डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर बिलं निघतात. टीव्हीएसचे हे प्रिंटर युरोपातल्या डेव्हलपरच्या टेबलावर नसतात. तिथे लाइव्ह पेनड्राइव्हवरून प्रिंटर ओळखला जातो का, कागदाचा आकार बरोबर येतो का, मराठी बिल छापायला किती वेळ लागतो, हे मालकाची परवानगी घेऊन बघता आलं तर ती नोंद फार मोलाची. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही किंवा प्रोसेसर जुना आहे म्हणून ११ वर जाऊ न शकणारी कितीतरी मशीन अशा ठिकाणी धूळ खात पडणार आहेत. त्यांच्यावर लिनक्स नीट चालतं का, हा इथल्या माणसांच्या खिशाशी जोडलेला प्रश्न आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे लाईट. अपग्रेड चालू असताना लाईट गेली तर काय, हा प्रसंग यूपीएस नसलेल्या घरात रोजचाच. व्हर्च्युअल मशीनमध्ये अपग्रेड अर्ध्यावर असताना सरळ पॉवर बंद कर. पुन्हा चालू केल्यावर सिस्टीम उभी राहते का, अर्धवट राहिलेलं काम पुढे नेते का, सामान्य माणसाला समजेल असा संदेश देते का, ते लिहून ठेव.

रिपोर्ट दिल्यावर गप्प बसू नकोस आणि मागे तगादाही लावू नकोस. अधिक माहिती मागितली तर दोन-तीन दिवसांत दे. उत्तर न आल्यामुळे कितीतरी खरे बग बंद होतात. ‘हा बग आधीच नोंदवलेला आहे’ असं कळलं तर त्या जुन्या नोंदीत तुझं मॉडेल आणि कर्नल जोड. महिनाभर कोणी फिरकलं नाही तर ‘काय झालं?’ असं विचारण्याऐवजी नव्या आवृत्तीवर पुन्हा तपासून निकाल टाक. त्याने नोंद जिवंत राहते आणि वाचणाऱ्याचं कामही होतं. दुरुस्ती आली की ती तपासून ‘आता ठीक आहे’ असं सांगणारे फारच थोडे असतात. ते काम तू आवर्जून कर.

एकट्याने कंटाळा येत असेल तर एखाद्या टेस्ट डेला तीन-चार मित्रांना आपापले लॅपटॉप घेऊन बोलाव. कॉलेजच्या लॅबमधल्या एकसारख्या वीस संगणकांपेक्षा वेगवेगळ्या कंपन्यांचे चार जुने लॅपटॉप चाचणीला जास्त उपयोगी.

नोकरीचं म्हणशील, तर या कामावर थेट नोकरी मिळेल असं आश्वासन मी देणार नाही. पण टेस्टिंग किंवा सपोर्टच्या मुलाखतीत तू दहा चांगल्या रिपोर्टांचे दुवे पुढे ठेवलेस, तर समोरच्याला तू अडचण कशी उकलतोस, लॉग कसा वाचतोस आणि अनोळखी लोकांशी कसा बोलतोस हे प्रत्यक्ष वाचता येतं. हे प्रमाणपत्रात दिसत नाही. म्हणून सगळीकडे एकच नाव वापर आणि प्रत्येक रिपोर्टचा दुवा, तारीख आणि पुढे काय झालं हे एका साध्या फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून लिहीत जा. या आठवड्यात लुबंटूची रोजची इमेज उतरव, व्हर्च्युअल मशीनमध्ये मराठीत इन्स्टॉल कर आणि जे होईल, पास किंवा नापास, ते नोंदव. पहिला बग सापडला की पाठवण्याआधी मसुदा मला दाखवलास तरी चालेल.